बसप्पाचे लोकरी मोजे

हुमनाबाद, आणि चुकून कमलापूर

बिदरकडे कधी जाणं झालं तर हुमनाबादच्या स्टँडवर उतरल्यावर आपल्या हुशारीवर विसंबू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. मी विसंबलो. तीस वर्षं सैन्यात डॉक्टरकी केली. मलेरियाच्या मागे अर्धा ईशान्य भारत पालथा घातला, बिहारमध्ये काळा आजार पाहिला, ओडिशाच्या किनाऱ्यावर हत्तीपायाचे रुग्ण मोजले. डास, माश्या आणि जंत सोडून दुसरा शत्रू मला नोकरीत भेटलाच नाही. जंगलात नकाशावरून वाट काढणाऱ्या माणसाला भालकीची बस सापडू नये, हे काही मला पटेना.

पाट्या सगळ्या कानडीत. साताऱ्याहून निघाल्यापासून अंग आंबलेलं, समोर ढाब्यांचा धूर, लॉऱ्यांची रांग आणि धूळ. एका पानवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "उधर ठैरती साब, लाल बस. अब्बी निकलती." तिकडे लाल बस दोन होत्या. जिचं इंजिन सुरू होतं तिच्यात मी चढलो, खिडकीही मिळाली, आणि मी स्वतःवर खूश होतो.

कंडक्टर आला तोवर आम्ही बरेच पुढे आलो होतो. "भालकी?" त्याने माझ्याकडे, मग माझ्या बॅगेकडे पाहिलं. "अप्पा, ही कलबुर्गीला जायलीय. चढताना इचारायचं न्हाई का?"

विचारलं होतं, पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याने मला कमलापूरला उतरवलं. तिथे लाल केळी पिकतात, हे मला ऐकून माहीत होतं. परतीच्या बसची वाट पाहत दीड तास केळीवालीसमोर उभं राहावं लागेल, हे माहीत नव्हतं. तेवढा वेळ एखाद्या बाईच्या टोपलीसमोर नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून एक फणी घेतली. चव छान आहे. आमच्याकडच्या केळ्यांपेक्षा घट्ट आणि जरा बुटकी.

भालकी

भालकीच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि एकालाही बाजूला सरकायची घाई नाही. स्टँडवर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. बसप्पा सकाळी दहापासून तिथे उभा होता.

बसप्पा म्हणजे माझा जुना हवालदार. नर्सिंग असिस्टंट म्हणून अकरा वर्षं माझ्या हाताखाली होता. माझ्या नोकरीतलं जे काही धड झालं, त्यातलं निम्मं त्याच्या हातून झालं आहे. निवृत्त होऊन तो आपल्या गावी आला, मी साताऱ्याला गेलो. वर्षातून दोनदा फोन व्हायचा, तेवढंच. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला तो वेगळाच. म्हणाला, "साहेब, पल्लवीच्या रक्तात निघालंय."

पल्लवी ही त्याची नात, नऊ वर्षांची. शाळेत बोटाला टोचून तपासणी झाली, त्यात तिच्या रक्तात हत्तीपायाचे जंत सापडले. हा रोग डास पसरवतो. जंत वर्षानुवर्षं शरीरात राहतात आणि कधीतरी पाय सुजायला लागतो, तो पुढे सुजतच जातो. त्यावर गोळ्या आहेत, चांगल्या आहेत, फुकट वाटतात. अट एकच, की वर्षातून एकदा सगळ्या गावाने त्या घ्यायच्या. निम्म्यांनी घेतल्या तर उरलेल्या निम्म्यांच्या रक्तातून डास पुन्हा तेच घेऊन येतो. पल्लवीला औषध सुरू झालं होतं, पण तिची गल्ली काही गोळ्या घेत नव्हती.

"डॉक्टरचं ऐकंना, ताईचं ऐकंना," बसप्पा स्टँडवर माझी बॅग ओढून घेत म्हणाला. "तुमी सांगा साहेब. तुमचं ऐकतील. आणि हुमनाबादला उतरल्यावर फोन करायचा व्हता की."

"मला वाटलं सापडेल."

"व्हय," तो म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. अकरा वर्षांच्या सहवासात माणूस बोलायचं कुठे थांबायचं ते शिकतो.

तो थोडा हळू चालत होता. वयाचं असेल, असं मी म्हटलं. फाल्गुनातल्या उन्हात त्याने काळे बूट आणि जाड करडे लोकरी मोजे घातले होते, तेच आम्हाला डोंगरावर मिळायचे ते. मला बरं वाटलं, की जुनी शिस्त टिकून आहे. मी डॉक्टर आहे, हे त्या वेळी मला आठवायला हवं होतं.

गाव, पहिली सकाळ

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत, आणि आपले लोक रोगापेक्षा रोगाच्या बातमीला जास्त घाबरतात.

सहाला उठलो. बसप्पाच्या बायकोने, शरणम्मांनी, माझ्यापुढे सुसला आणि चहा ठेवला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर शेंगदाण्याचा कूट. आमच्या पोह्यांनी जरा नमतं घ्यावं असा प्रकार आहे. पण खाणारा मी एकटाच. बाकीचे आपापल्या कामात, कोणाच्या हातात कपसुद्धा नाही. आदल्या संध्याकाळी दिलेली केळी भिंतीतल्या देवळीत ठेवलेली दिसली. पल्लवी त्यांच्याकडे बघत उभी होती, म्हणून मी एक काढून तिच्यापुढे धरलं.

"अजून पूजा व्हायची हाय की," ती म्हणाली. मला एवढंही समजलं नाही, याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं.

ही बसवण्णांना मानणारी घरं. गळ्यात इष्टलिंग. आंघोळ करायची, लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि मगच तोंडात काही घालायचं, पाणीसुद्धा. मला हे माहीत होतं. बसप्पाबरोबर अकरा वर्षं काढली होती. पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवेल तर ना.

सातच्या सुमाराला सुवर्णाताई आल्या. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या. खांद्याला पिशवी, काखेत वही, एका हातात उंची मोजायची काठी (गोळ्या किती द्यायच्या ते उंचीवर ठरतं) आणि दुसऱ्या हातात फोन. मी त्यांच्याबरोबर गल्लीत निघालो. दार वाजवायचं, कानडीत किंवा मराठीत दोन शब्द बोलायचे, गोळ्या मोजून हातावर ठेवायच्या, "नंतर घ्या" म्हणायचं, आणि वहीत खूण करून पुढचं दार. पाच घरं मी गप्प राहिलो. माझ्या स्वभावाच्या मानाने हे पुष्कळ झालं.

"ताई, या गोळ्या समोर गिळायला लावायच्या असतात."

"ठाव हाय सर."

"मग?"

"उपाशी पोटी द्यायच्या न्हाईत, असं बी लिवलंय. दिलो आणि कुणाला चक्कर आली, तर धरणार कुणाला?"

"मग जेवल्यावर या."

"धाच्या आत वाटपाचा फोटो आफिसला टाकावं लागतंय सर. न्हाई टाकलं की वरून फोन यायला सुरू. आणि दुपारी मला दुसरं गाव हाय." त्या काठी टेकवून उभ्या राहिल्या. "साडेआठला नळाला पाणी येतंय. मग आंघोळ, मग पूजा. धा वाजता ही गल्ली जेवतीया. तवर मी कामून थांबू, सांगा."

बाई पूर्णपणे बरोबर होत्या, आणि त्यामुळेच माझा पारा आणखी चढला. गोळी उपाशीपोटी चालत नाही, गल्ली पूजेआधी खात नाही, नळ साडेआठच्या आधी येत नाही आणि फोटो दहाच्या पुढे चालत नाही. यातलं एकही कोणी वाईट हेतूने ठरवलेलं नाही. आणि गटारातले डास मात्र कुठल्याच वेळापत्रकाला बांधलेले नाहीत.

दुपार

जेवायला कडक भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगांची चटणी होती. मी जेवता जेवता फणफणत होतो. सैन्यात आम्ही कसं करायचो ते शरणम्मांना ऐकवत होतो: गोळी जिभेवर, वर पाणी, तोंड उघडून दाखवायचं, आणि मग स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. गालात गोळी असली की नाव नीट येत नाही, तिथेच चोरी कळते. "तुमच्या या गल्लीतले लोक नंतर म्हणतात, आणि गोळ्या जातात कुठे?" मी विचारलं.

शरणम्मा उठल्या. देवळीत विभूतीच्या डबीमागून त्यांनी एक कापडी पुरचुंडी काढली आणि माझ्या ताटाशेजारी सोडली. गोळ्याच गोळ्या. पिवळटलेल्या, भुगा झालेल्या, काही अजून पाकिटात. नुसत्या या घरच्या नव्हत्या आणि नुसत्या एका वर्षाच्याही नव्हत्या.

"औषध हाय, टाकावं कसं," त्या म्हणाल्या. "पायदळी आलं तर? शेजारणी बी आणून देतेत. म्हणतेत, अक्का, तुमच्या घरचा माणूस दवाखान्यातला, तुमीच ठेवा."

मी बसप्पाकडे वळलो. बावीस वर्षं गोळ्या वाटलेला माणूस. "तू सुद्धा?"

तो खाली बघत होता. मीही तिकडेच पाहिलं, आणि तेव्हा कुठे माझ्यातला डॉक्टर जागा झाला. घरात सगळे अनवाणी. पंखा गरम वारा फेकतोय. आणि याच्या पायात लोकरी मोजे.

"मोजे काढ."

"असू द्या साहेब. गार लागतंय."

"हवालदार, मोजे काढ."

तो सवयीने ताठ उभा राहिला. मग खाली बसला आणि डाव्या पायाचा मोजा हळूहळू सोलल्यासारखा काढला. घोटा कुठे संपतो ते कळत नव्हतं. पाऊल फुगलेलं, कातडी जाड, आणि बोटांच्या बेचक्यांत लोकरीच्या घामाने चिरा पडलेल्या. दोन वर्षांचं दुखणं होतं. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. हत्तीपाय मी हजारो पाहिले असतील. पण आपल्या माणसाचा तो पहिलाच.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? सगळ्यांच्या तोंडात गोळ्या घातलो, आणि मलाच झालं म्हणू?" त्याने काढलेल्या मोज्याची घडी घातली. "आणि नंतर घे म्हणून तुमीच म्हणलाव की साहेब."

"मी? कधी?"

"आसामला. सकाळी मलेरियाच्या गोळीची परेड व्हायची. मी म्हणलो, पूजेच्या आधी मला पाणी बी चालत न्हाई. तुमी म्हणलाव, बसप्पा, तू नंतर घे. तुला बघायची गरज न्हाई."

मला आठवलं. ती छावणी, पत्र्याची खोली, आणि आपण किती समजूतदार साहेब आहोत म्हणून मला आलेला फुगारा, सगळं आठवलं.

"मग घेत होतास ना?"

"पैल्यांदा घेतलो. मग कधी घेतलो, कधी ऱ्हायलं. तुमी परत इचारलाव न्हाई." मग त्याने उरलेलंही सांगून टाकलं. "हितं गल्लीत बी मी हेच सांगितलो. फौजेतले मोठे साहेबच म्हणलेत, नंतर घेतलं तरी चालतंय."

त्या वर्षी बसप्पाला दोनदा मलेरिया झाला होता. मी वरिष्ठांना लांबलचक पत्र लिहिलं होतं, की या भागात गोळी लागू पडेनाशी झालेली दिसते, तपास व्हावा. ते पत्र मला आता शब्दन् शब्द आठवायला लागलं. सकाळपासून मी सुवर्णाताईंवर, नळावर, फोटोवर, अख्ख्या गल्लीवर चिडत होतो, आणि "नंतर घ्या" ही सगळी परवानगी मूळची माझी होती. मला लाज वाटली. सत्तरी उलटलेल्या माणसाला सहसा इतकी वाटत नाही.

मग मी घमेल्यात पाणी मागितलं, साबण मागितला आणि धोतराचा धडपा. बसप्पा गडबडून उठायला लागला. "साहेब, पायाला हात लावू नका. पाप लागंल मला."

"गप्प बस," मी म्हणालो, आणि पाय धुतला. हलक्या हाताने, प्रत्येक बेचकी वेगळी, मग टिपून कोरडी. रोज दोनदा असं करायचं, मलम लावायचं, बसताना पाय उशीवर घ्यायचा, आणि हे मोजे चुलीत घालायचे. मी शरणम्मांना दाखवत होतो. चिडचिड हातात नव्हती, पण तोंडाने चालू होती. पल्लवी दारात येऊन उभी होती. आज्जाचा पाय तिने उघडा कधी पाहिला नव्हता.

"आज्जाचं बरं व्हतंय?" तिने मला विचारलं.

लहान मुलांशी खोटं बोलायची कला मला सैन्यात कोणी शिकवली नाही. "पहिल्यासारखा नाही होणार," मी म्हणालो. "रोज धुतला तर वाढणार नाही. गोळ्यांनी हा पाय परत येत नाही. तुझा मात्र जायचा थांबतो."

तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, दोन्ही एकमेकांजवळ आणले, आणि टॉवेल आणायला आत गेली.

तिसरा दिवस

सुवर्णाताईंशी तह झाला. फोटो सातलाच टाकायचा, त्यात मी काठी धरून उभं राहायचं आणि खाली "वाटप साडेदहा वाजता, जेवणानंतर" असं खरं ते लिहायचं. वरून फोन आला तर तो माझ्याकडे द्यायचा. ही शेवटची अट त्यांना फार आवडली. दुसऱ्या गावाला दुपारनंतर येते म्हणून त्यांनी कळवलं.

मग मी कट्ट्यावर बसून राहिलो. नळाला पाणी साडेआठला यायचं ते त्या दिवशी नेमकं सव्वानऊला आलं. मी तीनदा उठलो, तीनदा बसलो. घराघरातून आधी घागरींचा आवाज, मग आंघोळीचा, मग सगळं गप्प. एवढी माणसं एकाच वेळी तळहाताकडे बघत बसलेली, आणि मी एकटा मनगटाकडे. थांबणं हेच काम असू शकतं, हे मला नोकरीत कधी पटलं नाही. त्या कट्ट्यावर चार तास ते जमवावं लागलं.

अकराच्या सुमाराला भाकरी खाऊन गल्ली बाहेर आली. मी आदल्या रात्री भाषण तयार करून ठेवलं होतं. ते वाया गेलं, कारण त्याआधीच बसप्पा घरातून आला. पायात साधी चप्पल, धोतर जरा वर खोचलेलं, मोजे नाहीत. तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि लोकांनी त्याचा पाय पाहिला. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला.

"साहेब नंतर घे म्हणलेले," बसप्पा म्हणाला. "मी घेतलो न्हाई. घेतलो म्हणून वहीत लिवायला लावलो. आता बघा." मग सुवर्णाताईंची वही घेऊन त्याने पहिल्या घराचं नाव पुकारलं.

मधली एक-दोन घरं कुलूप लावून उसावर गेली होती. तिथे ताई संध्याकाळी जाणार होत्या. बाकीचे येत राहिले. काठीशी उभं राहायचं, गोळ्या घ्यायच्या, शेवटची चघळायची, तोंड उघडायचं. "नाव सांगा," बसप्पा म्हणायचा. एका आजोबांनी आपलं, वडिलांचं आणि आजोबांचंही सांगितलं, आणि मग गाव. बसप्पाने सगळं ऐकून घेतलं. पल्लवीची मैत्रीण रडली, मग तिला पल्लवीने करून दाखवलं. पल्लवीच्या तोंडात काहीच नव्हतं, तिचं औषध वेगळं चालू होतं. पण आऽ तिने मोठा केला.

सगळ्यांच्या शेवटी बसप्पाने स्वतःच्या घेतल्या. माझ्यासमोर ताठ उभा राहिला, तोंड उघडलं, आणि नंबर, हुद्दा, नाव असं ओरडून सांगितलं की पलीकडच्या दावणीची म्हैस उठून उभी राहिली. मी त्याच्या तोंडात नीट पाहिलं. वीस-पंचवीस वर्षं उशिरा पाहिलं.

वही मिटणार, एवढ्यात तो म्हणाला, "साहेब, तुमची?"

"माझी कशाला? मी आज जाणार."

"तीन दिस हितले डास चावले की."

दीडची बस होती. बॅग भरायची होती, आणि या खेपेला पाटी वाचणाऱ्या माणसाबरोबर स्टँडवर जायचं होतं. शिवाय डासाच्या तीन दिवसांच्या चाव्यांनी काही होत नाही, हे शास्त्र मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. "बरं, दे इकडे," मी हात पुढे करत म्हणालो. "नंतर घेतो."

गल्ली इतकी शांत झाली की मला माझंच वाक्य परत ऐकू आलं. बसप्पा हसला नाही. त्याने काठी माझ्या पाठीशी लावली, गोळ्या मोजल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी घेतल्या. शेवटची चघळली, चव खडूची आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"तोंड उघडा साहेब." तो जवळ आला आणि त्याने जिभेखालीसुद्धा पाहिलं. "नाव?"

मी नाव सांगितलं, आणि सवयीने हुद्दाही.

"सर, हुद्द्याला रकाना न्हाई," सुवर्णाताई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली.